मोलकरणीची भूमिका कुणाला द्यायची?

पत्र : मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. यंदा स्नेहसंमेलनासाठी पंचवीस मिनिटांचं नाटक मीच लिहिलं आहे. एका सोसायटीत तीन दिवस पाणी येत नाही, एवढाच विषय. सेक्रेटरी, आजी, डॉक्टर, दोन कॉलेजची मुलं, वॉचमन आणि मोलकरीण अशी पात्रं आहेत. जूनमध्ये यवतमाळहून आलेली एक मुलगी माझ्या नववीच्या वर्गात आहे. पहिल्या वाचनाला उशीर झाला म्हणून मी हाक मारली, तर ती दारातूनच म्हणाली, “येऊन राहिली ना मॅडम!” सगळी मुलं खो खो हसली. तेव्हापासून सगळ्यांचं ठरलंय, यवतमाळहून आलेल्या मुलीला मोलकरीण करायचं. एक सहकारी म्हणतात, “तिची भाषाच विनोदी आहे, हॉल डोक्यावर घेतील.” दुसऱ्या म्हणतात, “डॉक्टरची भूमिका वर्गात पहिली येणारीला द्या, तिला काहीही जमतं.” तिसऱ्यांचं म्हणणं, पहिलीपासून आपल्याकडे असलेल्या मुलांना आधी संधी द्यावी, यवतमाळहून आलेली मुलगी पुढच्या वर्षीही आहेच. मी अस्वस्थ आहे, पण ती मुलगीच हसत हसत म्हणते, “मॅडम, मला तेच द्या.” मग मी कशाला अडवू? शिवाय मला याच महिन्यात धातुसाधितं, म्हणजे क्रियापदांपासून बनलेले शब्द, शिकवून संपवायची आहेत आणि तालमींमुळे तास बुडतायत. यवतमाळहून आलेल्या या मुलीने काल विचारलं, “मी स्टेजवर नीट बोलू का माझ्यासारखं बोलू?” मला उत्तर देता आलं नाही.
— एक शिक्षिका

उत्तर :

सप्रेम नमस्कार ताई,

तुम्ही अस्वस्थ झालात आणि ती अस्वस्थता बाजूला न सारता पत्र लिहायला बसलात, याचं मला फार बरं वाटलं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात ‘यवतमाळहून आलेली मुलगी’ हे शब्द चार वेळा आले आहेत. तिचं नाव तुम्ही दिलं नाहीत ते योग्यच केलंत, पण ती आणखी कशी आहे हेही कुठे आलेलं नाही. तिचा आवाज कसा आहे, ती काय वाचते, तालमीला पहिली येते की शेवटची, यातलं मला काही कळलं नाही. एवढंच कळलं की ती कुठूनतरी ‘आलेली’ आहे. तुम्हाला बोल लावायला मी हे सांगत नाही. आपल्याला ज्याच्याशी झगडायचंय ते किती साध्या शब्दात लपून बसतं, ते दाखवायला सांगते आहे. ‘आलेली’ हे धातुसाधित विशेषण आहे. ‘येणे’ ही एकदा घडलेली क्रिया. वडिलांची बदली झाली, सामान भरलं, ती आली, संपलं. पण त्या क्रियेचं विशेषण झालं की ते माणसाला चिकटून बसतं. जूनमध्ये आलेली मुलगी डिसेंबरातही ‘आलेली’च राहते.

म्हणून तुमचे दोन प्रश्न, नाटक कसं बसवू आणि धातुसाधितं कधी शिकवू, मला वेगळे वाटत नाहीत.

आपल्या बोलण्यातली आणखी काही धातुसाधित विशेषणं आठवून पाहा. वाया गेलेला मुलगा. टाकलेली बाई. हरलेला माणूस. ‘टाकलेली बाई’ म्हणताना टाकणारा वाक्यातून नाहीसा झालेला असतो. कर्ता निसटला आणि डाग कर्मावर राहिला. पूर्वग्रह बहुतेक वेळा असाच घडतो. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, ते गोठवून आपण एखाद्याच्या नावामागे लावून टाकतो. नाटक लिहिणाऱ्याचं काम याच्या उलट चालतं. ‘टाकलेली’ हा शब्द पात्रपरिचयात आला की त्याने विचारायचं, कुणी टाकलं? केव्हा? ती त्या रात्री कुठे गेली? प्रत्येक उत्तराला एक क्रियापद येतं आणि प्रत्येक क्रियापदातून एक प्रवेश उभा राहतो.

आता तुमच्या सहकाऱ्यांकडे वळते. तिघांचीही मनं वाईट नाहीत. तरी तिघांच्या वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना एकच औषध लागू पडणार नाही.

‘तिची भाषाच विनोदी आहे’ हा साचा झाला. वऱ्हाडी बोलणारं माणूस म्हणजे हसवणारं माणूस, हे मुलीला भेटण्याआधीच ठरलेलं होतं. तिने फक्त तोंड उघडलं. ‘पहिली येणारीला काहीही जमतं’ यात एका गुणाचा उजेड बाकीच्या सगळ्या गुणांवर पाडला जातोय. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये हे मांडलं. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना निरनिराळ्या गुणांसाठी वेगवेगळे शेरे देत होते, पण एक शेरा चांगला असला की बाकीचेही चांगलेच येत. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलगी रंगमंचावर उभं राहून ऐकू शकते का, हे गणिताच्या पेपरवरून कळत नाही. आणि तिसरा, ‘आपली मुलं आधी’, हा सरळ आपपरभाव. तो प्रेमातून येतो म्हणून लवकर ओळखू येत नाही. एक चौथाही आहे, तो तुमच्यामाझ्यासारख्यांचा. एकदा मुलं हसली की पुढच्या वाचनात आपले कान तिच्या वाक्यांमधलं तेवढंच टिपत राहतात आणि तिने नीट घेतलेला विराम निसटून जातो.

मी स्वतः बरीच वर्षं शाळांमधून नाटकं बसवली. एका मुलाला मी लागोपाठ तीन वर्षं राक्षस, दरोडेखोर आणि यमदूत केलं. उंच, सावळा, घोगऱ्या आवाजाचा मुलगा होता, प्रवेश घेतला की टाळी यायची. चौथ्या वर्षी त्याने नाव दिलं नाही. आईला विचारलं तर त्या म्हणाल्या, “त्याला एकदा तरी कुणाचातरी मुलगा व्हायचं होतं.” त्यानेही तीन वर्षं हसत हसत ‘मला तेच द्या’ म्हटलं होतं.

म्हणून तुमच्या विद्यार्थिनीच्या होकाराबद्दल थोडं बोलायचंय. कॅनडातल्या मॉन्ट्रिअल शहरात वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या माणसांकडून एकच उतारा फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही की दोन्ही आवाज त्याच माणसाचे आहेत. नुसत्या आवाजावरून माणूस कसा वाटतो ते लिहा, म्हटलं. इंग्रजी बोलताना तोच माणूस जास्त हुशार, जास्त भरवशाचा ठरला. आणि हे फक्त इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांनी लिहिलं नाही, फ्रेंच ज्यांची मायबोली होती त्यांनीही लिहिलं. ज्याच्या बोलीला कमी लेखलं जातं त्यालाही ते पटत जातं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं वर्गात हसं झालं तर तिच्यापुढे दोनच वाटा दिसतात, गप्प बसणं किंवा सगळ्यांच्या आधी आपणच हसणं. तिने दुसरी निवडली. ती धीट आहे एवढं त्यावरून कळतं. तिला ती भूमिका खरंच हवी आहे, असं नाही कळत. हॉलमध्ये कुणी नसताना तिला संहिता हातात द्या आणि सांगा, आवडेल त्या पात्राचं पान काढून मला वाचून दाखव. ती कुठलं पान उघडते ते बघा.

पण त्याच्याही आधी मोलकरणीकडे पाहू. पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या नाटकाच्या आराखड्यात ती चार वेळा येते, काहीतरी बोलते, हशा होतो, ती जाते. तिला संहितेतून उचलून बाजूला ठेवलं तर पाण्याचं पुढे काय होतं? काहीच नाही. म्हणजे ती अजून पात्र झालेली नाही, नेपथ्यातल्या बादलीसारखी आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाने ‘दशरूपका’त नाट्यप्रकार एकमेकांपासून वेगळे कशाने होतात ते तीनच शब्दांत सांगितलं : वस्तू, नेता आणि रस. कथानक, ते पुढे नेणारी माणसं आणि त्यातून उभा राहणारा अनुभव. तुमच्या मोलकरणीकडे तिन्हींतलं काही नाही, नुसती बोलायची ढब आहे.

आणि खरं सांगू का, तुमच्या नाटकाचं कथानक तिच्याच हातात आहे, तुमच्या लक्षात आलं नाही इतकंच. सोसायटीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत कोण जातं? सेक्रेटरी जात नाही, वॉचमन जात नाही, कॉलेजची मुलं तर नाहीच नाही. कुणाच्या गॅलरीत चार पिंपं भरून झाकून ठेवलीयत आणि कुणाकडे आजीच्या औषधापुरतंही पाणी नाही, हे फक्त तिला माहीत आहे. सांगितलं तर एका घरचं काम जाईल. नाही सांगितलं तर आजी. हा झाला पेच. आता ती विंगेतून आली की प्रेक्षक हसण्याआधी कान टवकारतील.

महात्मा फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. त्यात भोळं कुणबी जोडपं आहे, त्यांना लुबाडणारा जोशी आहे, मधे मधे बोलणारा विदूषकही आहे. हसायला जागा पुष्कळ आहेत. पण शेवटी शिकायला जायचं ते जोडपंच ठरवतं. निर्णय त्यांच्या हातात आहे, म्हणून ते नाटक त्यांचं आहे. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातल्या शकाराचं पाहा. सगळे ‘स’ तो ‘श’ करून बोलतो, ऐकणाऱ्याला हसू यावं म्हणूनच त्याची भाषा तशी घडवली आहे. पण तो राजाचा मेहुणा आहे, नायिका वसंतसेनेचा गळा तो आवळतो आणि आळ नायक चारुदत्तावर घालतो. बोलणं विचित्र आहे म्हणून भूमिका किरकोळ नाही. रंगमंचावर बोलीवर हसू आलं तर मला ते चालतं. बोलण्यापलीकडे त्या माणसाकडे काहीच ठेवलेलं नसेल, तर मात्र नाही चालत.

कुणी कुठली भाषा बोलायची याची उतरंड आपल्याकडे जुनी आहे. संस्कृत नाटकांत राजा, मंत्री संस्कृत बोलत, बहुतेक स्त्रिया, दास-दासी आणि विदूषक प्राकृत. तुमची माझी मराठी महाराष्ट्री नावाच्या ज्या प्राकृत भाषेतून आली ती त्या उतरंडीत संस्कृतच्या खालीच होती. आज ‘येऊन राहिली’ला हसणाऱ्या मुलांना हे सांगा. आणि हेही सांगा की मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केला. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, म्हणजे वऱ्हाडात. नकाशा लावून त्या गावावर बोट ठेवू द्या तिला.

त्याच तासाला फळ्यावर दोन वाक्यं लिहा. ‘मी येत आहे.’ ‘मी येऊन राहिली.’ पहिल्यात ‘येत’ हे धातुसाधित आणि ‘आहे’ हे सहायक क्रियापद. दुसऱ्यात ‘येऊन’ हे धातुसाधित आणि ‘राहिली’ हे सहायक क्रियापद. बांधणी तीच, विटा वेगळ्या. कुणी म्हणेल, ‘ऊन’ आणि ‘राहणे’ असं जोडतच नाहीत. मग विचारा, ‘कुणावर अवलंबून राहू नकोस’ यात काय आहे? ‘टिकून राहिला’, ‘दबून राहिली’, ‘चिकटून राहिले’? ही जोडणी पुण्यातही आहे. इथे ती टिकून असलेली अवस्था दाखवते, तिकडे चालू असलेली क्रियाही दाखवते. तिच्या बोलीने हाताशी असलेलं साधन आणखी एका कामाला लावलं, एवढाच फरक. यात चुकीचं काहीच नाही. परीक्षेच्या पेपरात प्रमाण रूप लिहायचं, हे तिला सांगायलाच हवं, नाहीतर तिचे गुण जातील. पण ‘इथे हे रूप चालतं’ आणि ‘तुझं रूप चूक आहे’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

धातुसाधितांसाठी तास बुडतो म्हणालात. उलट तालमीतच शिकवा. रंगसूचना धातुसाधितांशिवाय लिहिताच येत नाहीत. मुलांना चार चिठ्ठ्या द्या :

रडत आत येते.
रडून आत येते.
रडता रडता थांबते.
न रडता बोलते.

आणि एकेकाला करायला लावा. ‘रडत’ येणाऱ्या मुलीचे डोळे आत्ता वाहतायत. ‘रडून’ येणारी तोंड धुऊन आलीय, आवाज बसलाय, ती कुणाला कळू देणार नाही. ‘रडता रडता’मध्ये काहीतरी मधेच घडतं आणि तिला थांबवतं. तिने काय पाहिलं, ते नटाला शोधावं लागतं. ‘न रडता’ सगळ्यात अवघड. तिथे न केलेली क्रियाच करून दाखवायची असते. पूर्वकाल, वर्तमानकाल या संज्ञा मुलांना पाठ कराव्या लागणार नाहीत, अंगातून कळतील. मग ‘रडणे’, ‘रडणारी’, ‘रडलेली’ घ्या आणि नाम, विशेषण, अव्यय वेगळं करायला सांगा. माझ्या अनुभवात मागच्या बाकावरची मुलं हे आधी ओळखतात.

याच खेळात तुमची पात्रनिवडही होऊन जाईल. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक म्हणजे शरीराने केलेला, वाचिक म्हणजे वाणीने, आहार्य म्हणजे वेशभूषेने आणि सात्त्विक म्हणजे मनातल्या भावाने. आपण शाळेत निवड करताना वाचिकापासून सुरुवात करतो, संहिता हातात देतो आणि उच्चार ऐकतो. पूर्वग्रहाला शिरायला हेच दार सगळ्यात मोकळं असतं. यंदा क्रम बदला. पहिले दोन दिवस शब्द नकोतच. रिकामी कळशी घेऊन आत येणं, नळ सोडून बघणं, आजीला उठवून बसवणं, एवढंच सगळ्यांनी करायचं. पुढचे तीन दिवस सगळ्यांनी सगळी पात्रं वाचायची, अगदी सेक्रेटरीचं पात्रही, मुलगा-मुलगी न बघता. पहिली येणारी मोलकरीण वाचेल, वॉचमन वाचणारा डॉक्टर वाचेल. तुम्ही वहीत लिहा, पण ‘छान’, ‘बरी’ असे शेरे नकोत. ‘समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबली’, ‘कळशी जड आहे हे दिसलं’ असं लिहा. सहकाऱ्यांनाही तीच वही द्या. वाद होईल, पण तो आवडीनिवडीचा राहणार नाही.

मोठी भूमिका दयेपोटी तिला देऊ नका. तेही ‘आलेली’ म्हणणंच आहे, फक्त गोड शब्दांत. तिला मिळाली तर वहीतल्या नोंदींवरून मिळावी.

तिसऱ्या सहकाऱ्यांना, आपली मुलं आधी म्हणणाऱ्यांना, एक गोष्ट आवर्जून सांगा. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये पूर्वग्रहांवर मोठा ग्रंथ लिहिला. नुसतं एकत्र बसवून पूर्वग्रह जात नाहीत, त्याला काही अटी लागतात, असं ते सांगतात : त्या जागी सगळ्यांचा दर्जा सारखा असावा, ध्येय एकच असावं, ते गाठायला एकमेकांची गरज पडावी आणि वरच्या माणसांचा त्याला पाठिंबा असावा. शाळेत हे सगळं एकत्र येण्याची जागा म्हणजे नाटकाची तालीम. पडदा एकाच वेळी सगळ्यांवर उघडतो, एकाने वाक्य खाल्लं तर दुसऱ्याला सावरावं लागतं, आणि शिक्षक समोर उभे असतात. तीन अटी आपोआप जुळतात. पहिली, सारख्या दर्जाची, मात्र पात्रं वाटताना आपणच मोडतो.

मुलं परत हसली तर रागावू नका, आणि ‘कुणाच्या भाषेला हसू नये’ असं भाषणही नको. त्याने ती आणखी एकटी पडेल. तालीम थांबवा आणि हसणाऱ्याला विचारा, ‘हे वाक्य तू तसंच म्हणून दाखव.’ टवाळीने नाही, अर्थासकट. जमत नाही, हे त्याचं त्यालाच कळेल. बोली म्हणजे नुसते दोन-चार शब्द नसतात. तिला लय असते, कुठे ओढायचं आणि कुठे तोडायचं याचा कस लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे झाडीपट्टीची नाटकं धानाच्या कापणीनंतर रात्र रात्र चालतात आणि लोक थंडीत घोंगड्या पांघरून बघतात. तिथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथली बोली वेगळी, झाडीबोली, पण रंगमंचावर ती नायकाचीही असू शकते, बापाचीही, सावकाराचीही.

राहिला तिचा स्वतःचा प्रश्न : ‘नीट बोलू का माझ्यासारखं?’

तिला सांगा, ‘नीट’ आणि ‘माझ्यासारखं’ हे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. रंगमंचावर तू तुझ्यासारखंही बोलायचं नाहीस आणि मॅडमसारखंही नाही, पात्रासारखं बोलायचं. मग तिच्याबरोबर बसून ठरवा की पात्र कुठलं. मोलकरीण वऱ्हाडीच बोलेल असं कुठे लिहिलंय? ती सोलापूरची असेल, लातूरची असेल, याच शहरात जन्मलेली असेल. माझी एक सूचना आहे, पटली तर घ्या. तुमच्या नाटकातली डॉक्टर यवतमाळची करा. पेशंटशी ती पुणेरी बोलते आणि घरून फोन आला की एका क्षणात तिची बोली बदलते. दोन वाक्यं पुरतील. फोनवरचे तिचे वडील विंगेतून बोलतील, तो आवाज एखाद्या पिंपरीच्या मुलाला द्या. पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसला होता त्याला दिलात तरी हरकत नाही.

डॉक्टर कुणीही होवो, वडिलांचा आवाज देणाऱ्या त्या मुलाला बोलायला तुमच्या विद्यार्थिनीनेच शिकवायचं. तालमीच्या तक्त्यावर तिच्या नावासमोर तसं लिहा : ‘बोली-मार्गदर्शन’. आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेतही छापा. घाई मात्र करू नका. ‘येऊन राह्यलो’ तो पहिल्याच दिवशी म्हणेल, पण त्यातला ‘ह्य’ जिभेवर बसायला तीन-चार तालमी लागतात.

तुमची,
ताई